सोळा गुंठ्यांत दोनशे खोडं

बँकॉकमध्ये घरचा पत्ता सांगणं हे माझं रोजचं दुखणं आहे. आमची गल्ली, म्हणजे इथल्या भाषेत 'सोई', रत्चदाच्या मोठ्या रस्त्याला फुटते. आलो तेव्हा तोंडाशी एक किराणा दुकान होतं. ते पाडलं. मग मी नूडलवालीची गाडी सांगू लागलो, तर तिच्या पाठीमागची जागा पत्रे ठोकून बंद झाली आणि बाई गेली. पुढची खूण मोटारसायकल-टॅक्सीवाल्यांचा थांबा. तोही एके दिवशी नारिंगी जाकिटांसकट उठला. शेवटी 2020 साली कोपऱ्यावरच्या पडीक भूखंडावर केळी उभ्या राहिल्या आणि मी सुटकेचा श्वास सोडला. झाडं कुठं चालत जाणार? टॅक्सीत बसायचं, 'सुआन क्लुआय' म्हणायचं, म्हणजे केळीची बाग, की गाडी थेट दारात.

त्याच वर्षी इथं जमिनीचा नवा कर सुरू झाला होता. जमीन मोकळी ठेवली तर किमतीच्या 0.3 ते 0.7 टक्के, आणि तशीच पडून राहिली तर दर तीन वर्षांनी आणखी 0.3, चढत चढत 3 टक्क्यांपर्यंत. शेती दाखवली तर मात्र 0.01 पासून 0.1. झालं! ज्यांच्या सात पिढ्यांनी विळा धरला नसेल अशा धनिकांना एका रात्रीत मातीची ओढ लागली. काचेच्या मनोऱ्यांच्या मधोमध कुठं लिंबं, कुठं केळी. कोट्यवधींची जमीन धोतर नेसून उभी, वसुलीवाल्याला म्हणतेय, "साहेब, आम्ही गरीब शेतकरी."

अशात रावेरहून अप्पा आले. उभा जन्म केळीत गेलेला माणूस. मी त्यांना राजवाडा दाखवणार होतो, नदीतून फिरवणार होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंथरुणात नव्हते. खाली जाऊन बघतो तर कुंपणाची तार हाताने वर धरून आत शिरत होते.

"अरे भो, ही लागण कोणी केली?"

मी नियम सांगितला. एका राईला दोनशे खोडं लावली की सरकार शेती मानतं. राई म्हणजे 1600 चौरस मीटर. अप्पांनी बोटांवर हिशेब केला.

"म्हणजे जेमतेम सोळा गुंठे. सोळा गुंठ्यांत दोनशे? पाच बाय पाच फुटांवर सातशे बसतात!"

"अप्पा, त्यांना केळी नकोयत. कर वाचवायचाय."

अप्पा बराच वेळ गप्प राहिले. वादळात आडवी झालेली बाग बघतानाही त्यांचा चेहरा असा झाला नव्हता.

विषय बदलावा म्हणून मी त्यांना सिलोमला नेलं. बँका, कार्यालयं, डोक्यावरून पळणारी रेल्वे. सिलोम म्हणजे पवनचक्की, इथं पूर्वी शेतं आणि कालवे होते, असं सांगितलं.

"मग कालवे कुठं गेले?"

"बुजवून रस्ते केले."

"आणि पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात रस्त्यांचे पुन्हा कालवे होतात."

पुढचे तीन आठवडे अप्पा बागेतच. तिथला राखणदार ईसानचा, म्हणजे ईशान्येकडच्या भातपट्ट्यातला. त्याला मराठी येत नव्हतं, अप्पांना थाई. मी आठ वर्षं थाई शिकतोय आणि अजून भाजीवाली मला हसते. हे दोघं पहिल्याच दिवशी विळा घेऊन पिलं, म्हणजे बुंध्याशी फुटलेले कोंब, कापत होते. बुंध्याशी एकच पील ठेवायचं, वाळकी पानं काढायची, पाणी बुडाशी साचू द्यायचं नाही. करासाठी लावलेल्या केळी बघता बघता पोसल्या. जाताना अप्पांनी विमानतळावर मला बजावलं, "निसवल्या की कळव."

निसवल्या. घड बाहेर पडले, फण्या मोजता येऊ लागल्या. आणि एका सोमवारी जेसीबी आला. जमीन विकली गेली होती. संध्याकाळी टॅक्सीवाल्याला 'सुआन क्लुआय' म्हटलं, तर तो तीनदा गल्लीवरून पुढं गेला. दोष त्याचा नव्हता.

आता तिथं चाळीस मजली इमारतीचं भलंमोठं चित्र लावलंय. चित्रात निळं पाणी, गोरं कुटुंब आणि मागं शोभेच्या केळी. अप्पा दर रविवारी फोटो मागतात. शेवटी मी त्या चित्राचाच एक कोपरा काढून पाठवला.

लगेच फोन आला.

"पानं झकास आहेत रे. पण घड कापून कोणी नेले?"