ग्लाइडवाल्या प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या पोस्टखालची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की मोठ्या वयात पोहायला लागलेल्यांना मी ग्लाइड (हात पुढे ताणून तसंच सरकत राहणं) कमी करा, हातांचा ताल वाढवा असं सांगतोय त्याने खांदे जातील, किकबद्दल, म्हणजे पाय मारण्याबद्दल, मी काहीच लिहिलं नाही, कमी स्ट्रोकमध्ये, म्हणजे कमी हात मारून, लॅप काढणं हेच खरं पोहणं, आणि शेवटी, 'चाळिशीत तलावात उतरलेल्यांनी कोचगिरी करू नये.'

आधी माझी चूक. स्ट्रोक मोजताना एक हात म्हणजे एक की दोन्ही मिळून एक, हे मी लिहिलं नव्हतं. मान्य, दुरुस्त केलंय.

पण ते शेवटचं वाक्य लागलं. हो, उतरलो मी चाळिशीत, 43व्या वर्षी, शिवाजी पार्कच्या महापालिकेच्या तलावात सकाळच्या बॅचला, पहिला महिना कठडा सुटत नव्हता आणि शेजारून दहा-दहा वर्षांची पोरं सपासप जायची. पाणी छातीला लागलं की श्वास कसा अडकतो हे लहानपणी शिकलेल्याला आठवतसुद्धा नाही, आम्हाला आठवतं, म्हणून आम्ही एकमेकांना सांगतो. तुम्ही वीस वर्षं पोहताय, आदर आहे, पण म्हणून बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही हे कुणी ठरवलं? असं बोलणं ऐकूनच कितीतरी माणसं तलावाच्या पायरीवरून परत जातात, मी पाहिलीयत.

आणि ग्लाइड मी स्वतः वर्षभर करून बघितलाय. हात पुढे ताणून थांबायचो, 50 मीटरला 44 हात, फार अभिमान होता त्याचा, आणि वेळ 1 मिनिट 29 सेकंद. पाणी हवेपेक्षा साधारण 800 पट दाट, हात थांबला की वेग पडतोच, त्यात आपले पाय आधीच खाली चाललेले, मग दर स्ट्रोकला बंद पडलेली गाडी नव्याने ढकलायची. पुढे टोपीखाली बीप देणारं छोटं यंत्र लावलं, एका हाताला 1.9 सेकंदांवरून हळूहळू 1.4 वर आलो, हात 50 झाले, वेळ 1 मिनिट 14. मी घाई केली नाही, थांबणं बंद केलं. हा फरक पोस्टमध्ये स्पष्ट लिहिलाय, तुम्ही वाचलाच नाही.

अमेरिकेची ऑलिंपिक विजेती जलतरणपटू जॅनेट इव्हान्स, तिचे हात पवनचक्कीसारखे भराभर फिरायचे, तरी 1989 चा तिचा 800 मीटर फ्रीस्टाइलचा 8:16.22 हा विक्रम 2008 पर्यंत टिकला. तिच्याशी आपली बरोबरी नाही, पण कमी स्ट्रोक तेच खरं पोहणं, हे तिला सांगाल का?

खांद्यांचं म्हणाल तर माझे दुखले नाहीत. किकवर पुन्हा कधीतरी.

पोस्टमधलं चुकलं तर जरूर लिहा, माणूस कोणत्या वयात पाण्यात उतरला हे काढू नका. आणि कधी सकाळच्या बॅचला आलात तर 50 मीटर दोन्ही तऱ्हांनी पोहून बघू, वेळ तुम्हीच लावा.