विंडोज सोडायचा मुहूर्त

कॉम्प्युटरवरचं विंडोज सोडून लिनक्स ह्या फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर जायचं ठरवलंय ना? मग आषाढात जाऊ नका, तेव्हा दुकानात बघायला कुत्रं नसतं. तुळशीचं लग्न लागू द्या, पत्रिकांच्या ऑर्डरी टेबलावर चढू द्या, छपाईवाल्याचे दिवसातून चार फोन यायला लागू द्या. मग एखाद्या शनिवारी रात्री हार्ड डिस्क पुसा. इंदुरात रामबागेत माझं डीटीपीचं दुकान आहे आणि मी ह्याच क्रमानं सगळं केलं, म्हणून अधिकारानं सांगतो.

कारण मात्र उदात्त हवं. १४ ऑक्टोबर २०२५ ला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० वरचा हात काढला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ती आपल्या जुन्या डब्यात नाही. हे झालं खरं कारण. ते कोणाला सांगू नका. (सिल्व्हर मॉलमध्ये नव्या मशीनचा भाव विचारून मुकाट परत आलो, हेही नको.) सांगायचं, 'स्वातंत्र्य'. हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं १९९१ च्या ऑगस्टमध्ये ही सिस्टिम जाहीर केली आणि आज ती सर्व्हरपासून अँड्रॉइड फोनपर्यंत सगळीकडे आहे, असं पोहे खाता खाता सांगावं. समोरचा जिलबी संपेपर्यंत नक्की ऐकतो. हा आपला नुसता छंद आहे, मोठं-व्यावसायिक काही व्हायचं नाही, असं टोरवाल्ड्सनं तेव्हाच लिहून ठेवलं होतं. तेवढं वाक्य गाळा.

आता कुठलं लिनक्स? त्याचे अवतार ढीगभर. ह्याला पंधरा दिवस द्या. डेबियन, उबुंटू, फेडोरा, मिंट... मिंट पक्कं केलंत तरी सुटका नाही, त्याचा डेस्कटॉप, म्हणजे पडद्याचं रूप, वेगळा निवडायचा. सिनॅमन घेता, माटे घेता की एक्सएफसीई? माटे ऐकून मला वाटलं, चला, कोणीतरी आपलं माणूस निघालं. सराफ्यातल्या खाऊगल्लीत रात्री अकराला भुट्ट्याचा कीस घ्यावा की गराडू, ह्यावरही माणूस इतका अडत नाही. बायकोनं विचारलं, "ती पत्रिका झाली का?" तर शांतपणे म्हणा, "डेस्कटॉप ठरतोय."

मग जुन्या फायली उघडा. आमचा अख्खा धंदा कोरलड्रॉ ह्या पत्रिका मांडायच्या प्रोग्रॅममध्ये. कोरलनं २००० साली लिनक्ससाठीही कोरलड्रॉ काढलं होतं आणि पुढे सोडून दिलं, म्हणजे आपली गाडी पंचवीस वर्षांनी चुकली. पण इंकस्केप हा तसाच फुकटचा प्रोग्रॅम आहे, तो कोरलची फाइल उघडतो. उघडतो म्हणजे गणपती उघडतो, कलश उघडतो, बॉर्डर उघडते. मजकुराचं तेवढं विचारू नका. कृतिदेवसारखे जुने फॉन्ट युनिकोडच्या आधीचे. इंग्रजी अक्षरांच्या जागेवर देवनागरीचे तुकडे बसवलेले. फॉन्ट नसला की 'चि. सौ. कां.'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा सडा पडतो. फॉन्ट टाकल्यावर बरंचसं ताळ्यावर येतं. बरंचसं. माझ्याकडे ओळ लांबली आणि वराच्या मामांचं नाव बॉर्डरबाहेर गेलं. मामा बॉर्डरबाहेर गेलेलं लग्न कुठल्याच ऑपरेटिंग सिस्टिमवर सुखानं लागत नाही.

रंगांचीही गंमत बघा. छापखाना मागतो सीएमवायके, म्हणजे शाईचे चार रंग; इंकस्केपचा जीव आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या तीन रंगांत. पडद्यावर लालचुटुक दिसणारं कुंकू कागदावर उतरलं ते विटकरी. सुदामानगरचे काका पत्रिका डोळ्यांजवळ धरून म्हणाले, "हे कुंकू आहे का वीट?"

"काका, हे फ्री सॉफ्टवेअर आहे."

"असं होय! मग छपाईपण फ्रीच ना?"

ह्यावर उत्तर तयार ठेवा. मला अजून सुचलेलं नाही.

फारच अडलं तर वाइन आहे. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारी ही सोय १९९३ पासून बनतेच आहे, काही प्रोग्रॅम चालतात, काही नुसते उघडून दाखवतात. फक्त फोनवर मोठ्यांदा "थांब, आता वाइन लावून बघतो" म्हणू नका. सासरे बाहेर पेपर वाचत बसलेले असतात. टॅली आणि डिजिटल सहीचं टोकन हे विषय सीएकडे काढूच नका, त्यांनाही घरदार आहे.

शेवटी काय करायचं, तर डिस्कच्या एका कोपऱ्यात विंडोज परत बसवायचं. कोणी विचारलं तर 'डुअल बूट' म्हणायचं; घरवापसी म्हणू नये. मी हल्ली सगळं काम त्या कोपऱ्यातच करतो, लिनक्स अपडेट करायला तेवढा पलीकडे जाऊन येतो. ह्यात एक फायदा आहे, तो आधी कोणी सांगितला नव्हता. लिनक्स मशीनच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ लावून ठेवतो, विंडोज तीच इंदूरची समजतो. त्यामुळे पलीकडून आलं की घड्याळ साडेपाच तास मागे. दुपारी चारला छपाईवाल्याचा फोन येतो, "भिया, फाइल सकाळी देणार होते ना?" पडद्याकडे बघायचं आणि खरं तेच सांगायचं, "अहो, साडेदहाच तर वाजलेत."