काकू, हात सैल सोडा

उजवा खांदा आखडल्यापासून माझा अंबाडा डाव्या हाताच्या कुवतीप्रमाणे तिरपा बसतो. फ्रोझन शोल्डरमध्ये सांध्याभोवतीचे आवरण सुजून जाड होते आणि आकसते. चाळिशी ते साठीतल्या बायका आणि मधुमेही यांच्यावर या दुखण्याची विशेष मर्जी असून मी दोन्ही याद्यांत बसते.

फिजिओथेरपीच्या खोलीत प्रथम गरम शेक मिळतो. तो इतका सुखाचा असतो की पुढे काय वाढून ठेवले आहे याचा विसर पडतो. मग माझ्या भाचीच्या वयाची थेरपिस्ट माझे कोपर हातात घेऊन "काकू, हात सैल सोडा" असे अत्यंत गोड आवाजात सांगते. दुखरा हात दुसऱ्याच्या ताब्यात देऊन वर तो सैल सोडणे एखाद्या योग्यालाच जमावे. "दुखले की सांगा" असेही ती म्हणते. मात्र सांगितल्यावर ती थांबेल, असे त्यात कुठेही कबूल केलेले नसते. शेवटी ती कोनमापक लावते. हात बाहेरच्या बाजूला वळवण्याची हालचाल नव्वद अंशांपर्यंत व्हायला हवी, ती माझी विसावर अडते. बहीण आता फोनवर प्रकृतीऐवजी अंशच विचारते.

घरचा अभ्यास वेगळाच. भिंतीवर बोटे चढवायची आणि जिथे थांबतील तिथे पेन्सिलीने खूण करायची. त्या भिंतीवर नातवाच्या उंचीच्याही खुणा आहेत, आणि आम्हा दोघांत वाढीचा वेग निःसंशय त्याचा अधिक आहे. टेबलावर वाकून हात लंबकासारखा झुलवू लागले की कामाच्या मावशी "ताई, काय पडलं?" म्हणून खाली बसून शोधू लागतात.

हा झुलण्याचा व्यायाम ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या बोस्टनच्या डॉ. कॉडमन यांनीच 1934 साली लिहून ठेवले आहे, की उपचार करा अथवा करू नका, खांदा साधारण दोन वर्षांत सुटतो. ही माहिती मी मोठ्या आशेने थेरपिस्टच्या कानावर घातली. "मग दोन वर्षे वेणी कोण घालणार, काकू?" असे विचारून तिने हात आणखी थोडा वर नेला.

एकदा सुटलेला खांदा सहसा पुन्हा आखडत नाही, असा दिलासाही तिने दिला. काही जणांचा पुढे दुसरा आखडतो, एवढेच. तेव्हापासून उजव्याचा व्यायाम संपला की डाव्यालाही मी भिंतीवर चढवून आणते, आणि तो अजून कुरकुर करत नाही याचाच मला संशय येतो.