‘हौशी बाईंची नाटकं’: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

चौथीचा वर्ग आणि पांझरेचा फड, म्हणजे धुळ्याकडच्या पांझरा नदीवरची पाणी वाटून घेण्याची जुनी पद्धत, यावर मागे लिहिलं होतं, त्यावर एका निवृत्त केंद्रप्रमुखांची लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. नाव घेत नाही. ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी: शाळेतली मोडक्या बाकांची खोली आम्ही रिकामी केली, तिथे मुलांनी मातीचा बंधारा, पाट आणि चाऱ्या केल्या, आणि परिसर अभ्यास नि गणित काही दिवस तिथेच चाललं. मुलं शेतकरी झाली, पाणी वाटून देणारे पाटकरी झाली, राखण करणारे जागल्या झाली. सरांचं म्हणणं असं की यातून चाचणीचे गुण वाढत नाहीत. नाटकात चुणचुणीत पोरंच पुढे येतात आणि बुजरी कोपऱ्यात राहतात. बाईंची बदली झाली की सगळं गुंडाळलं जातं. आणि फडाची माहिती अपुरी आहे. शेवटी हे वाक्य, जसंच्या तसं: “ही हौशी बाईंची नाटकं आहेत. गरिबाच्या पोरांना आधी भागाकार येऊ द्या, नाटकं शहरातली पोरं करतील.”

सर, बाकीचं सोडा. या वाक्यावर बोलू.

‘हौशी’ हा शब्द तुम्ही सहज लिहिला असेल. पण शेजारच्या शाळेतले एक सर संध्याकाळी मुलांची कबड्डी घेतात, त्यांना आजवर कुणी हौशी म्हणालं नाही. त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, आणि व्हायलाच हवा होता. बाईने वर्गात चार लुगडी टांगून नदी केली की मात्र ती हौस. तुम्ही इतकी वर्षं शाळा तपासल्यात, तुमच्या हाताखाली कितीतरी शिक्षिकांनी काम केलं असेल. त्यांनाही शेऱ्यात हेच लिहीत होतात का, असा प्रश्न मला पडला. असो. वयाचा मान म्हणून पुढे जाते.

आता ‘गरिबाच्या पोरांना’. ही पोरं कोण, ते मला तुमच्याकडून ऐकायची गरज नाही. मी साक्री तालुक्यातच वाढले. आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते, तिच्या मिरवणुकीत नाचत नाचत पोरं मोठी होतात. भाद्रपदात पोरी गुलाबाईची गाणी म्हणतात, त्यात सासू कोण आणि नणंद कोण हे आधी ठरतं. रात्रभर वही, म्हणजे आमच्याकडची लोकगाणी, ऐकून डोळे चोळत शाळेत येणारं पोर मी आजही पाहते. सोंग घेणं आमच्या पोरांना शिकवावं लागत नाही, ते त्यांना घरून येतं. शहरातल्या पोरांना त्यासाठी फी भरून शिबिराला जावं लागतं. नाटक शहरातल्यांसाठी राखून ठेवायचं हे कुणी ठरवलं, साहेब?

माझी पहिली नेमणूक नंदुरबारच्या डोंगरातल्या अक्राणीत, एका पाड्यावर. वर्गात सगळी पावरी बोलणारी मुलं, आणि मला पावरीचं अक्षर येत नव्हतं. पुस्तकातला बाजाराचा धडा मी वाचला की पोरं माझ्या तोंडाकडे बघत बसायची. एक दिवस पुस्तक ठेवलं, महूची फुलं, चिंचोके आणि खडे मांडून दुकान लावलं आणि अडाणी गिऱ्हाईक मी झाले. मला मोजता येत नाही, मला फसवलं जातंय, असं सोंग केलं. पोरांनी मला वाचवलं. पावरीत मोजलं, मग मला समजावं म्हणून मराठीत मोजलं. त्या वर्षी तपासणीला आलेले साहेब दारात उभे राहून “बाई, वर्ग भरवा” म्हणाले होते. वर्ग भरलेलाच होता. तेव्हा मी लहान होते, गप्प बसले. आता गप्प बसत नाही, एवढाच फरक.

हे फॅड आहे असाही तुमच्या प्रतिक्रियेचा एकूण सूर आहे. डोरोथी हिथकोट हे नाव तुम्ही ऐकलं असेल किंवा नसेल. १९२६चा जन्म, यॉर्कशायरची बाई, चौदाव्या वर्षी शाळा सोडून गिरणीत कामाला लागलेली. पुढे न्यूकॅसलच्या विद्यापीठात ती शिक्षकांना शिकवायला लागली. शिक्षकाने स्वतः भूमिकेत शिरायचं आणि मुलांना तज्ज्ञ मानून त्यांच्यापुढे खरं काम टाकायचं, ही तिची रीत. ‘मँटल ऑफ द एक्स्पर्ट’ म्हणतात तिला. गिरणी कामगार पोरीने उभी केलेली पद्धत गरिबांच्या पोरांना परवडत नाही म्हणणं मला तरी गंमतीचं वाटतं. आपल्याकडेही २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात नाट्य हा शिक्षणाचा भाग धरलेला आहे, आणि २०२०च्या धोरणात कलेच्या जोडीने विषय शिकवा असं लिहिलं आहे. आदेश तुमच्याच पिढीतल्या अधिकाऱ्यांनी आमच्यापर्यंत पोचवले.

आणि खोली. इंग्लंडातल्या काही शाळांत भिंतीभिंतीवर प्रोजेक्टर लावलेल्या खोल्या असतात, पोरं समुद्राच्या तळाशी उभी असल्यासारखी उभी राहतात. आमच्याकडे निळी ताडपत्री, आयांनी दिलेली जुनी लुगडी आणि एक पिवळा बल्ब. सांडव्यावरून पाणी पडतानाचा आवाज मी मोबाइलमध्ये भरून आणला होता. माती शिंपडून ठेवली की आत शिरताना ओल्या वावराचा वास यायचा, आणि पोरं आपोआप हळू बोलायची. ‘बाई, चपला बाहेर काढू का?’ असं एकाने विचारलं. मी काढायला सांगितल्या नव्हत्या.

भागाकाराचं आता सांगते, कारण लेखात ते होतं आणि तुम्ही बहुधा तिथवर पोचला नाहीत.

फडात पाणी शेतकरी स्वतः घेत नाही, पाटकरी देतो. मी बंधाऱ्याजवळच्या वावराचा मालक झाले, डोक्याला रुमाल बांधला आणि रुबाबात म्हणाले, पाणी माझ्या दारातून जातं, आधी मी घेणार. पाटकरी झालेली मुलगी फावडं आडवं धरून उभी राहिली. म्हणाली, “बारी नही तुमनी.” मग हिशेब निघाला. चारीवर सगळं मिळून सहा बिघे, पाणी बारा तास, म्हणजे बिघ्याला दोन तास. सोपं होतं, कुणी भांडलं नाही. दुसऱ्या दिवशी मी नदी आटवली. आज नऊच तास पाणी, वाटा. पोरांनी फळ्यावर मांडलं: एक आला, बाकी तीन. वहीत असती तर ‘बाकी ३’ लिहून पुढच्या गणिताला लागली असती. इथे सगळा वर्ग उठून उभा राहिला. ते तीन तास कुणाचे? वरचे म्हणाले आम्हाला द्या, आमचं वावर मोठं. शेपटाकडचा एक पोरगा, ज्याच्या वाट्याला एकच बिघा होता, ओरडला, “आमना वावरले पानी नही ऊनं, मंग कसानी पट्टी मांगतस?” पाणीपट्टीचा विषय मी काढलाच नव्हता, तो त्याने घरून आणला होता. बरीच ओरड झाल्यावर पाटकरणीने तीन तासांचे अर्धे अर्धे केले आणि मोजले: सहा. बिघ्याला दीड तास. अपूर्णांक अजून शिकवायचा होता.

याला तुम्ही नाटकं म्हणा.

फडाबद्दलची तुमची दुरुस्ती मात्र बरोबर आहे. ही पद्धत एकट्या पांझरेवर नव्हती, नाशिककडे मोसम आणि आरमच्या खोऱ्यातही होती. माझ्या वाक्यातून तसं निघत नव्हतं. ते वाक्य बदललं आहे, आभार. पण तुम्ही पुढे ‘विषय नीट समजून घ्या’ असं जे लिहिलंत, ते माझ्या आजोबांना सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ते पाटकरी होते. शिवाराच्या एका तुकड्यालाही फडच म्हणतात; एका फडात सगळ्यांचं एकच पीक, पाणी कमी पडलं की एखादा फड सगळ्यांनी मिळून पडीक टाकायचा, हे मी त्यांच्या मागे बांधावरून चालताना शिकले, पुस्तकातून नाही.

राहिले बाकीचे मुद्दे. बुजरी मुलं मागे राहतात म्हणता. फळ्यासमोर उभं करून पाढे विचारल्यावर ती कुठे असतात? चाचणीचं म्हणाल, तर सगळं कागदावर उतरत नाही, हे इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर तुम्हाला मी सांगायला नको. वेळ वाया जातो म्हणाल, तर शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाचे ८०० तास आहेत. त्यातले किती सर्वेक्षणात आणि ऑनलाइन माहिती भरण्यात जातात यावर तुमची प्रतिक्रिया मी अजून कुठे वाचलेली नाही. बदली माझ्या हातात नाही. ती कुणाच्या हातात असते हे तुम्ही जास्त जाणता.

नंदुरबारच्या शिरीषकुमारचा धडाही उद्या नाटक करून दाखवाल, गोळीबार दाखवाल, असं एक टोमण्याचं वाक्य आहे. धडा घेतला, गोळीबार दाखवला नाही. ९ सप्टेंबर १९४२ला पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमारसह पाच जण गेले, त्यानंतर गावाने त्यांच्यासाठी काय करावं, यावर पोरांची सभा भरवली. सभेचं इतिवृत्त पोरांनी स्वतः लिहिलं. त्यात शुद्धलेखनाच्या चुका आहेत, त्या तुम्हाला आवडतील.

आणि पाढे. ते रोज परिपाठानंतर होतात, तीसपर्यंत, नाटक असो वा नसो. तुम्हाला यायचं असेल तर कळवून या, मी भूमिका देईन. वरच्या वावराचा मालक अजून कुणी व्हायला तयार नाही. पण पुढची प्रतिक्रिया फडाबद्दल लिहा, माझ्याबद्दल नको. तशी आली तर काढून टाकीन.