मार्चातली मनाली लहरी नाही, क्रम ठरलेला असतो

एका लेखात मार्चमधल्या मनालीचं हवामान ‘लहरी’ म्हटलंय, ते पटलं नाही. भूमध्य समुद्राकडून येणारा पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पाऊस-बर्फ आणणारी कमी दाबाची वादळी हवा, ठरावीक पायऱ्यांनी येतो. आधी उंचावर पिसांसारखे पांढरे ढग, कधी सूर्याभोवती खळं, आणि रात्री नेहमीपेक्षा उबदार. पर्यटक नेमके इथेच फसतात: ‘थंडी गेली’ म्हणून जाड कपडे हॉटेलात ठेवून निघतात. मग दिवस-दोन दिवस पाऊस किंवा बर्फ.

उंचीचा हिशेब साधा आहे. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. मनाली २,००० मीटरवर, तिथून लाहौलकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या अटल बोगद्याचं तोंड ३,००० च्या वर. म्हणजे गावात ५ अंश आणि पाऊस असेल, तर बोगद्यापाशी बर्फ धरूनच चाला.

खरा धोका आभाळ निवळल्यावर. दुपारी वितळलेलं पाणी रात्री रस्त्यावर गोठतं आणि पहाटे डांबर नुसतं ओलसर, काळं दिसतं. ती बर्फाची काच असते! सावलीतल्या वळणांवर ऊन येईपर्यंत निघू नका. बर्फात घसरू नये म्हणून टायरवर बांधतात त्या साखळ्या इंजिनाची ताकद मिळणाऱ्या चाकांनाच लावायच्या. बहुतेक छोट्या गाड्यांत ती पुढची असतात. थोडं अंतर गेल्यावर उतरून पुन्हा ताणा, सैल साखळी टायरच्या आतली ब्रेकची नळी तोडते. रात्री हँडब्रेक ओढू नका, ओला असला तर गोठून अडकतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकामागे दगड लावा.

आणि ताजा बर्फ पडल्यावर पहिले दोन दिवस उतारांखाली फोटोसाठीसुद्धा थांबू नका, हिमस्खलन तेव्हाच जास्त होतात.