तिसरी तार

दोन टोकांच्या वस्तूला दोन तारा लागतात, हे मी शाळेत बॅटरी आणि बल्बच्या साहाय्याने शिकलो आणि त्याच भांडवलावर नाशिकच्या औद्योगिक वसाहतींमध्ये इतकी वर्षे ताठ मानेने वावरलो. त्यामुळे दिंडोरीकडच्या एका वायनरीत फर्मेंटेशनच्या, म्हणजे द्राक्षाचा रस आंबवण्याच्या, टाकीला तापमान मोजणारा पीटी-१०० सेन्सर बसवायचे काम मिळाले आणि मेन रोडवरच्या दुकानदाराने "साहेब, टू-कोर देऊ की थ्री-कोर?" असे विचारले, तेव्हा हा आपल्याला एक तार जास्त खपवू पाहतो आहे, अशी माझी खात्रीच पटली. सेन्सरमधून तीन तारा बाहेर आल्या होत्या, हे खरे. पण त्यांतल्या दोन लाल होत्या. अर्थात एक जादाची असणार, असे म्हणून मी तिला टेप गुंडाळून झोपवले, अर्धा स्क्वेअर एमएमची ६० मीटर टू-कोर ओढली आणि वाचलेल्या पैशांचा चहा प्यायलो.

कंट्रोलरला १६ अंश राखायला सांगितले होते. त्याला दिसत होते २८. त्या आज्ञाधारक यंत्राने टाकी थंड करणारा चिलर रात्रभर पळवला आणि सकाळपर्यंत आकडा १७ वर आणून दाखवला. वाइनमेकर मॅडमनी नमुन्याच्या नळाखाली पेला धरून त्यात आपली काचेची तापमापी बुडवली, तर ती ५ अंश दाखवीत होती. जानेवारीचे दिवस; यीस्ट टाकीत गारठून निपचित पडलेले. "साहेब," त्या शांतपणे म्हणाल्या, "माझं यीस्ट निफाडचं नाही हो."

मग मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो, जे खरे तर दुकानात जाण्यापूर्वी करायला हवे होते. पीटी-१०० तापमान सांगतो ते आपल्या विद्युतरोधावरून: तो रोध शून्य अंशाला १०० ओहम असतो आणि दर अंशाला सुमारे ०.३८५ ओहमने वाढतो. अर्धा स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ३९ ओहम. जाऊन-येऊन १२० मीटर, म्हणजे ४.७ ओहम, म्हणजे १२ अंश. थोडक्यात, पॅनलवर द्राक्षाच्या रसाच्या तापमानात माझी काटकसर मिळवून दाखवली जात होती. ती दुसरी लाल तार याचसाठी असते, की कंट्रोलरने तारांचा रोध वेगळा मोजावा आणि वजा करावा.

इतके कळल्यावर शहाण्या माणसाने थ्री-कोर आणली असती. मी घरातल्या वायरिंगची उरलेली दीड स्क्वेअर एमएमची तार तिसरी म्हणून जोडली; जाड तार म्हणजे उत्तमच, असा विचार केला. कंट्रोलरची वजाबाकी मात्र तिन्ही तारा सारख्या आहेत या विश्वासावर चालते. त्यामुळे ४ अंशांची चूक शिल्लक राहिलीच, आणि मला पुन्हा मेन रोड गाठावा लागला. "थ्री-कोर ना?" दुकानदाराने मी तोंड उघडण्यापूर्वीच विचारले. या खेपेस शील्डवाली, म्हणजे बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारे धातूचे वेष्टण असलेली, घेतली, तिची शील्ड फक्त पॅनलच्या बाजूला अर्थिंगला जोडली आणि चिलरच्या मोटरची केबल जाते त्या ट्रेपासून ती दूर नेली.

आता आकडा बरोबर येतो. तरीही मॅडम रोज सकाळी पेला घेऊन टाकीशी जातात. त्यांच्या वहीत तापमानाचे दोन रकाने आहेत. एकावर 'टाकी' असे लिहिले आहे आणि दुसऱ्यावर 'साहेब'.