पैशाचा क्लब, पण कुणाच्या पैशाचा? ‘ब्लॅकबर्न’ लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

इतकी सविस्तर आणि इतकी मनापासून चिडून लिहिलेली प्रतिक्रिया हल्ली दुर्मीळच. म्हणून लेखाखाली दोन ओळी खरडण्यापेक्षा इथे ऐसपैस लिहितो. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी तुमचे आक्षेप थोडक्यात असे: इंग्लंडच्या लँकेशायर या कापडगिरण्यांच्या परगण्यातल्या ब्लॅकबर्न रोव्हर्स या फुटबॉल क्लबला मी गिरणगावाचा भाबडा क्लब म्हणून रंगवलं. प्रीमियर लीग या इंग्लंडच्या सर्वोच्च स्पर्धेचं त्यांचं १९९५चं विजेतेपद सरळसरळ पैशाने विकत घेतलेलं होतं, ते गोड करून सांगितलं. क्लब विकत घेणाऱ्या पुण्याच्या वेंकीज या चिकनवाल्या कंपनीने त्याची जी दशा केली त्यावर मी पुणेकर म्हणून हात आखडता घेतला. आणि ज्या लँकेशायरने आपले विणकर देशोधडीला लावले, तिथल्या एका गावासाठी मराठी माणसाने गळा काढायचं काहीच कारण नाही. जाता जाता अ‍ॅक्रिंग्टन या शेजारच्या गावाच्या क्लबवरून एक टोमणाही आहे.

विणकरांचा मुद्दा आधी घेतो, कारण सगळ्यात वजनदार तोच आहे.

ब्लॅकबर्न हे मुख्यतः कापड विणणाऱ्यांचं गाव. आणि विणायचे काय, तर बव्हंशी हिंदुस्थानच्या बाजारासाठी साधं कोरं कापड आणि धोतरं. हो, धोतरं. जे उभ्या आयुष्यात कधी कुणी नेसलेलं पाहिलं नाही ते वस्त्र तिथल्या बायका मागावर उभ्या राहून दिवसभर विणायच्या. १८८२ मध्ये लँकेशायरच्या गिरणीवाल्यांच्या रेट्यापुढे मान तुकवून हिंदुस्थान सरकारने विलायती सुती कापडावरची आयात जकात काढून टाकली. पुढच्याच वर्षी ब्लॅकबर्नचा एक संघ एफए कप ही इंग्लंडची बाद पद्धतीची फुटबॉल स्पर्धा जिंकून गावी आला. दोन्हींचा संबंध मी जोडत नाही, पण तारखा शेजारी शेजारी ठेवून बघायला हरकत नाही. १८९६ मध्ये तर न्यायच उफराटा झाला: आपल्या गिरण्यांत निघणाऱ्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसला, का तर मँचेस्टरच्या मालाला जड जाऊ नये. टिळकांनी त्यावर रान उठवलं. १९०५ मध्ये पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली, तिच्यात ब्लॅकबर्नचा माल नसेल असं मानणं कठीण आहे.

तेव्हा तुमचा राग रास्तच आहे. त्यातून तुम्ही जो निष्कर्ष काढता तो मात्र मला पटत नाही. जकात किती असावी हे मागावरच्या बाईला कुणी विचारलं नव्हतं. सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी विलायतेला गेलेले गांधीजी मुद्दाम वाट वाकडी करून लँकेशायरला गेले. ब्लॅकबर्नला लागूनच असलेल्या डार्वेनमध्ये ते राहिले. आपल्या बहिष्कारामुळे ज्यांचे माग थंड पडले होते त्याच लोकांमध्ये. गिरणीबाहेरचा तो फोटो तुम्ही पाहिला असेल: मधोमध पंचा आणि शाल पांघरलेले गांधीजी, भोवती गिरणी कामगार बायका, हात उंचावून जयजयकार करणाऱ्या. बहिष्कार काही त्यांनी मागे घेतला नाही. तुमच्या बेकारीचं दुःख कळतं, पण आमच्याकडच्या दारिद्र्याची तुम्हाला कल्पना नाही, असंच त्यांनी समजावलं. भांडण कायम ठेवून माणसं भेटता येतात. गांधीजींना जे जमलं ते आपल्यासारख्या फुटबॉल बघणाऱ्यांना जमायला काय हरकत आहे?

आता पैसा.

तुमच्या प्रतिक्रियेत एक गृहीतक दडलंय: आधी शुद्ध, निर्मळ फुटबॉल होतं आणि मग जॅक वॉकर नावाचा पोलादवाला आला आणि त्याने सगळं बाटवलं. ब्लॅकबर्नचा इतिहास याच्या नेमका उलट आहे. ५ नोव्हेंबर १८७५ला सेंट लेजर हॉटेलात जी बैठक झाली आणि जिच्यातून रोव्हर्स जन्माला आला, ती बोलावणारे जॉन लुईस आणि आर्थर कॉन्स्टंटाइन हे श्रूसबरी या उच्चभ्रू शाळेत शिकलेले. गिरणी कामगार नव्हेत. कामगारांचा म्हणावा असा संघ गावात दुसराच होता, ब्लॅकबर्न ऑलिंपिक. १८८३चा कप जिंकला तो त्यांनी. त्या अकरांत विणकर होते, सूत कातणारा होता, प्लंबर होता, ओतशाळेतला कामगार होता, दाताच्या डॉक्टरचा मदतनीस होता, तसबिरींच्या चौकटी करणारा होता. समोर ओल्ड इटोनियन्स, म्हणजे इटन या बड्या घरच्या मुलांच्या शाळेचे माजी विद्यार्थी. जादा वेळेत ऑलिंपिकने २-१ने सामना मारला, विजयी गोल जिमी कॉस्टलीचा. इथवर सिनेमात शोभेल अशी गोष्ट आहे. पण त्या सामन्याआधी या कामगारांना ब्लॅकपूलच्या समुद्रकिनारी नेऊन खास सराव करवून घेतला गेला, आणि त्याचा खर्च केला तो ओतशाळेच्या मालकाने. विणकर रजा काढून समुद्रावर जातो कसा, हा प्रश्न लंडनच्या वर्तमानपत्रांनाही पडलाच होता.

रोव्हर्सची गोष्ट याहून मासलेवाईक. फर्गस सूटर हा ग्लासगोचा पाथरवट १८७८ मध्ये डार्वेनला आला, धंदा करायला म्हणून. थोड्याच दिवसांत त्याने हातोडा-छिन्नी खाली ठेवली. कारण काय सांगितलं, तर इथला दगड फार कठीण, घाव घालून हात सुजतो! मग त्याचं पोट कशावर चाललं होतं? अख्ख्या लँकेशायरला उत्तर ठाऊक होतं आणि कागदावर कुणीच आणत नव्हतं, कारण खेळण्याचे पैसे देणं नियमबाह्य होतं. १८८० मध्ये सूटर डार्वेनचा संघ सोडून रोव्हर्सला गेला. डार्वेनवाल्यांनी तेव्हा जो थयथयाट केला तो वाचला की तुमचीच प्रतिक्रिया आठवते: माणूस विकत घेतला! १८८४, ८५ आणि ८६ असे सलग तीन कप रोव्हर्सने जिंकले. त्यातला शेवटचा येईपर्यंत, जुलै १८८५ मध्ये, फुटबॉल असोसिएशनला खेळाडूंना पैसे देणं कायदेशीर करावंच लागलं.

आणि पैसे घेऊ नयेत असा आग्रह कुणाचा होता? ज्यांना कामावर न जाताही जेवायला मिळत होतं त्यांचा. कारखाना कायद्याने गिरण्या शनिवारी दुपारी बंद होऊ लागल्या होत्या, म्हणून कामगाराला शनिवारी सामना बघता तरी येत होता. लंडनला जाऊन खेळायचं तर दोन दिवसांचा पगार बुडायचा, तो कोण भरून देणार? हा हिशेब इटनच्या मंडळींना कधी मांडावाच लागला नाही. एकदा पगार सुरू झाला की दर आठवड्याला तिकीटबारीवर पैसा यायला हवा आणि त्यासाठी सामने आधी ठरलेले हवेत. लीग निघाली ती या गरजेतून, १८८८ मध्ये, बारा क्लबांची. त्यातले सहा एकट्या लँकेशायरचे. म्हणजे तुम्ही आम्ही जिच्यासाठी रात्री जागतो ती व्यवस्थाच मुळी पगारपत्रकातून निघालेली आहे.

म्हणून १९९५ला ‘विकत घेतलेलं’ म्हटलं की मी विचारतो, मग न घेतलेलं कोणतं? वॉकरने पैसा ओतला हे खरंच. १९९१ मध्ये संघ दुसऱ्या डिव्हिजनमध्ये एकोणिसावा होता. चार वर्षांनी तो प्रीमियर लीगचा विजेता होता. केनी डाल्गलीश मॅनेजर म्हणून आला, शीअरर साउदॅम्प्टनहून विक्रमी किमतीला आला, १९९४ मध्ये ख्रिस सटन पन्नास लाख पौंडांना. पण त्याच मोसमात, जानेवारीत, मँचेस्टर युनायटेडने अँडी कोलसाठी साठ लाख पौंड आणि वर कीथ गिलेस्पी दिला, तो नवा विक्रम झाला. त्याला कुणी विकत घेणं म्हणालं नाही. मोठ्या शहराने खर्च केला की ती महत्त्वाकांक्षा, लाखभर वस्तीच्या गावाने केला की माज, हे मला मान्य नाही.

आणि गंमत बघा, एवढा पैसा ओतूनही शेवटी हातात काय उरलं, तर धाकधूक. १४ मे १९९५, लिव्हरपूलचं घरचं मैदान अ‍ॅनफिल्ड. दोन गुणांची आघाडी घेऊन उतरलेल्या रोव्हर्सकडून शीअररने गोल केला, जॉन बार्न्सने बरोबरी केली आणि अगदी शेवटच्या क्षणी जेमी रेडनॅपची फ्री किक जाळ्यात गेली. रोव्हर्स हरले. तिकडे लंडनमध्ये युनायटेड जिंकले असते तर सगळं मुसळ केरात. पण वेस्ट हॅमचा गोलकीपर लुडेक मिक्लोश्को त्या दिवशी भिंत होऊन उभा होता, कोलला संधीमागून संधी मिळाल्या आणि सामना १-१ सुटला. रोव्हर्सचे ८९ गुण, युनायटेडचे ८८. ज्या लिव्हरपूलने हरवलं त्यांचेच प्रेक्षक आपल्या जुन्या डाल्गलीशसाठी टाळ्या वाजवत होते. हा शेवट कुठल्या बाजारात विकत मिळतो मला ठाऊक नाही.

बाजूला एक सांगतो. छोट्या गावांचे क्लब मागे पडले ते वॉकरसारख्यांमुळे नव्हे. १९६१ मध्ये खेळाडूंच्या पगारावरची आठवड्याला वीस पौंडांची कमाल मर्यादा उठली. खेळाडूंच्या दृष्टीने ते न्याय्यच होतं. पण तोवर १९६० मध्ये बर्नलीसारखं गाव लीग जिंकू शकत होतं आणि रोव्हर्स एफए कपच्या फायनलला पोचू शकत होते. नंतर ते दिवस गेले ते गेलेच. १९८३ मध्ये लीगच्या सामन्यांच्या तिकीटविक्रीतला पाहुण्या संघाचा वाटाही बंद झाला. त्यानंतर गावच्या क्लबाला वर यायचं तर धनिक शोधणं एवढीच वाट उरली. मूळ लेखात हा भाग दोनच वाक्यांत आला, कारण आकडे दिसले की वाचक पळतो. तुमच्यासारखे थांबतात म्हणून इथे लिहिलं.

आता वेंकीज. पुणेकर म्हणून मी गप्प बसलो हा आरोप मजेशीर आहे, कारण याच विषयावर पुण्यातले माझे मित्र मला ‘आपल्या माणसांना बोल लावतो’ म्हणून ऐकवतात. तर स्पष्टच लिहितो. नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांनी सुमारे २.३ कोटी पौंडांना क्लब घेतला. महिन्याभरात मॅनेजर सॅम अ‍ॅलरडाइसला काढलं, तेही संघ तेराव्या क्रमांकावर, म्हणजे ब्लॅकबर्नच्या मानाने सुखरूप असताना. त्याच्या जागी स्टीव्ह कीन. मोठमोठ्या खेळाडूंची नावं हवेत सोडली गेली, संघाला घेऊन चिकनची जाहिरात झाली, ऑक्टोबर २०११ मध्ये संघ बालेवाडीत पुणे एफसीशी खेळूनही गेला. मे २०१२ मध्ये घरच्या मैदानावर विगनकडून हरून क्लब खाली गेला, तेव्हा प्रेक्षकांनी मैदानात जिवंत कोंबडी सोडली, क्लबचा झेंडा पांघरवून. पुढच्या मोसमात मॅनेजर एकामागून एक आले-गेले. हेनिंग बर्ग तर ५७ दिवसांत घरी. २०१७ मध्ये क्लब तिसऱ्या श्रेणीत घसरला. प्रीमियर लीग जिंकलेल्या क्लबवर अशी वेळ पहिल्यांदाच आली. वर्षभरात तो परतला, पण प्रीमियर लीग दूरच राहिली.

याला मी अनास्था म्हणतो, आणि अनास्थेच्या आधीचं अज्ञान. इंग्लंडमधल्या काही जणांनी याचा राग त्यांच्या भारतीयपणावर काढला, ते मला साफ नामंजूर. पण एक गोष्ट तुम्हीही कबूल करा: पैसा त्यांनी कधी थांबवला नाही. वर्षानुवर्षं तोटा भरत राहिले, क्लब कधी दिवाळखोरीत गेला नाही. शेजारच्या बरी गावाचा क्लब २०१९ मध्ये लीगमधून हाकलला गेला, तसं इथे झालं नाही. तेव्हा ‘वाट लावली’ आणि ‘जगवला’ ही दोन्ही क्रियापदं एकाच मालकाला लागू पडतात, ही यातली खरी अडचण आहे. वॉकरही काही गावात राहत नव्हता, कर वाचवायला जर्सी बेटावर होता. पण तो त्याच गावात वाढलेला होता. संघ हरला की पुढे त्याच्याच शाळासोबत्यांना तोंड द्यायचं होतं. पुण्याहून ती लाज वाटून घेता येत नाही. मला दोघांत फरक दिसतो तो एवढाच, आणि तो बराच मोठा आहे.

‘मराठी माणसाचा काय संबंध’ याला वर उत्तर दिलंच आहे, फक्त एक भर. गिरण्या शेवटचे आचके देत असताना, साठच्या दशकात, रात्रपाळीला माणसं मिळेनात म्हणून सुरत-भरूचकडची आणि पाकिस्तानातली कुटुंबं ब्लॅकबर्नला आली. कापडाचा प्रवास उलटा फिरला म्हणा. त्यांची पुढची पिढी इवुड पार्क या रोव्हर्सच्या मैदानाच्या आसपास वाढली, स्टेडियममध्ये मात्र फार दिसत नसे. मे २०२२ मध्ये क्लबने ईदच्या नमाजासाठी थेट मैदान खुलं केलं. इंग्लिश क्लबांत हे पहिल्यांदाच घडलं, आणि ते वेंकीजच्या काळात. तुमच्या यादीत हेही जोडा.

राहता राहिलं अ‍ॅक्रिंग्टन. ‘लीगच्या बारा संस्थापकांपैकी असलेल्या स्टॅन्लीबद्दल अवाक्षर नाही’ असं तुम्ही लिहिलंय. संस्थापकांत होता तो नुसता अ‍ॅक्रिंग्टन, तो क्लब १८९६ मध्ये बंद पडला. स्टॅन्ली हा निराळा. तो १९६२ मध्ये कर्जापायी मोसम अर्ध्यावर टाकून लीगमधून बाहेर पडला, १९६८ मध्ये नव्याने उभा राहिला आणि २००६ मध्ये परत आला. त्याच्यावर लिहायचं मनात आहे. लिहिलं की याच तिखटपणे वाचा.